दुसरा पंचनामा

ठाण्यातल्या आमच्या छोट्या काव्यमंडळाचे वार्षिक कविसंमेलन दिवाळीनंतर व्हायचे आहे, आणि ते व्हावे की होऊ नये यावर गेले तीन आठवडे जो वाद चालला आहे तो मला अस्वस्थ करतो आहे. वादाचे कारण सर्वांना ठाऊक आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली, सीना आणि मांजरा काठ सोडून शेतांतून वाहिल्या, सोयाबीन पाण्याखाली गेले, आणि पुष्कळ ठिकाणी पिकाबरोबर पिकाखालची मातीही वाहून गेली. अशा वेळी नौपाड्यातल्या सभागृहात बसून कविता कसल्या ऐकायच्या, कार्यक्रम रद्द करा आणि हॉलचे भाडे, मानधन, चहापाणी यांचे पैसे पूरग्रस्तांना पाठवा, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की कार्यक्रम झालाच पाहिजे, परंतु प्रत्येक कवीने पुरावरच कविता वाचली पाहिजे. जो वाचणार नाही त्याला समाजाशी देणेघेणे नाही असे समजावे. दोन्हीकडे माझे जुने स्नेही आहेत आणि कोणाच्याही हेतूविषयी मला शंका नाही. तरीही दोघांची चूक एकच आहे असे माझे मत आहे. पहिल्यांना कविता म्हणजे सणाचा फराळ वाटतो, दुसऱ्यांना ती मदतीच्या ट्रकमधली गोणी वाटते. मला विचाराल तर आपत्तीच्या काळात कविता हा एक पंचनामा असतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शिवारात जाऊन जो पंचनामा करतात, त्याच्या रकान्यांत जे बसत नाही त्याचा हा दुसरा पंचनामा. तो झाला नाही तर नुकसानीचा मोठा भाग कुठेच लिहिला जात नाही. म्हणून कार्यक्रम व्हावा, आणि तो ‘पूरविशेष’ होऊ नये, असे मला म्हणायचे आहे.

पहिल्या पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. ज्याच्या घरात गुडघाभर गाळ साचला आहे त्याला ताडपत्री हवी, ज्वारी हवी, जनावरांना चारा हवा, पोरांना वह्या-पुस्तके हवीत, कविता नको. या क्रमाविषयी वाद घालणेच अमानुषपणाचे होईल. मंडळाच्या सभासदांनी आपापल्या खिशातून मदत पाठवावी, ती आधी पाठवावी आणि पाठवताना फोटो काढू नये. परंतु या खऱ्या विधानातून जे अनुमान काढले जाते, म्हणजे कला ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे, ते खोटे आहे, आणि निदान महाराष्ट्रात तरी ते कोणी उच्चारू नये. आपल्या भाषेतली सर्वांत विपुल कविता कुठे जन्मली? जात्यावर. पहाटे उठून, रिकाम्या पोटी, दिवसभराच्या भाकरीचे पीठ पाडता पाडता बायांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून त्या गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. सासुरवास, दुष्काळ, भावाची वाट, मेलेले मूल, नवऱ्याचा मार, आणि मधूनच विठ्ठल, असे सगळे त्यांत आहे. त्या बायांचे पोट कधी भरले होते की नंतर निवांतपणे त्यांनी कलेकडे वळावे? माझ्या आजीच्या जात्याचा लाकडी खुंटा तिच्या तळहाताने इतका गुळगुळीत झाला होता की अंधारातही तो ओला असल्यासारखा चमकत असे, आणि “ओवी नसली की जातं जड जातं” असे ती अगदी कामाची गोष्ट सांगावी तशी सांगत असे. गाणे भाकरीच्या आधी आले. पीठ पडत असतानाच आले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हे केले त्या आपण लोकांनी कलेला चैनीच्या यादीत टाकणे म्हणजे त्या बायांचे श्रम नाकारणेच होय.

मदत की कविता, ही निवडच मुळात कोणी आपल्यावर लादलेली नाही. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्याच सावित्रीबाई १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नछत्रांच्या कामात राबल्या, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेग होऊन १० मार्चला गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले असे सांगतात. त्या क्षणी त्यांच्या हातात लेखणी नव्हती हे खरे आहे, आणि नसायलाच हवी होती. पण म्हणून लेखणी ही निरुपयोगी वस्तू आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. १८९२ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांचे दुसरे काव्यपुस्तक निघाले होते. एकाच माणसाचे दोन हात असतात, एवढी साधी गोष्ट आपण वादाच्या भरात विसरतो.

आता पंचनाम्याकडे येतो, कारण हा शब्द मी सहज वापरलेला नाही. पंचनामा जागेवर जाऊन करावा लागतो, डोळ्यांनी पाहिलेलेच त्यात लिहावे लागते आणि विशेषणांना त्यात थारा नसतो. गट क्रमांक, पिकाचे नाव, बाधित क्षेत्र, नुकसानीचे प्रमाण. जिथे माती गेली तिथे ‘खरडून गेलेली जमीन’ असा शेरा. हा शेरा लिहिणाऱ्याविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण या दोन-तीन शब्दांत कल्पनाशक्तीला हलवणारे काहीतरी आहे. भात करपल्यावर पातेले खरडावे तशी नदीने जमीन खरडली. पण ज्या बांधावर बापाने लावलेले चिंचेचे झाड होते तो बांधच कुठे होता हे आता सांगता येत नाही, याला फॉर्मवर रकाना नाही. उधारीवर खत घेऊन गेलेला माणूस दुकानासमोरून जाताना रस्ता बदलतो, यालाही नाही. मग हे कोणी लिहायचे?

हे लिहिण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला तेव्हा तुकाराम महाराज ऐन विशीत होते आणि देहूला त्यांचे दुकान होते. त्या दुष्काळाविषयी त्यांनी जे लिहिले ते असे आहे: ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ ही ओळ पंचनाम्यासारखी वाचून पाहा. तीन नोंदी आहेत: द्रव्य, मान, स्त्री. एकही विशेषण नाही. आक्रोश नाही, देवाला दोष नाही, राजाला शिव्या नाहीत. पहिली आणि तिसरी नोंद कोणत्याही बखरीत किंवा दरबारी इतिहासात सापडू शकली असती, कारण गेलेला पैसा आणि मेलेली माणसे सगळेच मोजतात. मधली नोंद मात्र कवीवाचून कोणी केली नसती. दुष्काळ माणसाचा मान नेतो, आणि तो द्रव्याच्या नंतर पण बायकोच्या मृत्यूच्या आधी नेतो, ही त्या आपत्तीची आतली गती एका शब्दात पकडली गेली आहे. सुमारे चारशे वर्षांनंतर, खताच्या दुकानासमोरून रस्ता बदलणारा माणूस मला समजतो तो या एका शब्दामुळे.

याच अभंगात थोडे आधी काय म्हटले आहे तेही पाहण्यासारखे आहे. हे सांगू नये, पण तुम्ही संतांनी प्रश्न केला म्हणून तुमचे वचन पाळतो आहे, अशा अर्थाची कबुली तिथे आहे. म्हणजे तुकारामांनी ही साक्ष मागितली गेल्यावर दिली. रशियात स्टालिनच्या दहशतीच्या दिवसांत कवयित्री आना आख्मातोवा आपल्या मुलाची खबर मिळावी म्हणून लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर सतरा महिने रांगेत उभी राहत होती. रांगेतल्या एका निळ्या ओठांच्या बाईने तिला कानात विचारले, तुम्ही याचे वर्णन करू शकाल का? ती म्हणाली, करू शकेन. त्या बाईने भाकरी मागितली नाही, सुटका मागितली नाही. रांगेत उभ्या असलेल्या कवीकडून या दोन्ही गोष्टी मिळणार नाहीत हे तिला कळत होते. जे चालले आहे ते कोणीतरी लिहून ठेवावे, एवढे तिने मागितले. पुढे ती कविता कागदावर ठेवणेही धोक्याचे होते, म्हणून विश्वासातल्या मैत्रिणींनी ती वर्षानुवर्षे पाठ करून जपली. कवितेने काय बदलते, असा प्रश्न आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी कळकळीने विचारला. मी त्यांना एवढेच विचारीन: काही बदलत नसेल, तर त्या निळ्या ओठांच्या बाईने ती मागणी का केली, आणि त्या मैत्रिणींनी त्या ओळींपायी जीव धोक्यात का घातला?

मात्र पंचनाम्याच्या याच कसोटीवर आम्हा कवींविरुद्धचा सर्वांत बोचरा आक्षेप उभा राहतो आणि तो मला बराच काळ छळत आला आहे. पंच जागेवर असावा लागतो. घोडबंदर रस्त्यावरच्या चौदाव्या मजल्यावरून सीनेच्या काठाचा पंचनामा कसा होईल? दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःची कविता पोसणे याला काय म्हणावे? हा आक्षेप खरा आहे. तो किती खरा आहे हे मला माझ्याच एका कवितेने शिकवले. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे कामगार चालत गावाकडे निघाले तेव्हा मुंबई-नाशिक महामार्गावर, खारेगावच्या जवळ, आम्ही काही शेजारी पाण्याच्या बाटल्या आणि पोळीभाजी घेऊन उभे राहत होतो. एके संध्याकाळी तिशीचा एक माणूस आला. त्याच्या खांद्यावर छताचा पंखा होता, तिन्ही पाती गमछात गुंडाळून नायलॉनच्या दोरीने मोटरला बांधलेली. त्याला जौनपूरकडे जायचे होते. एवढे ओझे कशाला, असे विचारल्यावर तो म्हणाला, “भाड़ा बाकी था, सामान उसने रख लिया. ये मेरा अपना है.” पाणी पिण्यासाठी त्याने पंखा खाली ठेवला तेव्हा बनियनच्या पट्टीशेजारी पात्याच्या कडेचा लाल वळ दिसला.

त्या रात्री मी चाळीस ओळींची कविता लिहिली. तिच्यात महानगर होते, रक्ताळलेली पावले होती, हायवेचा काळा अजगर होता, देशाला विचारलेले सवाल होते. लोकांना ती आवडली, पुष्कळांनी ती पुढे पाठवली. दीड वर्षाने ती पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की तिच्यात पंखा नाही. जे मी स्वतः पाहिले होते, जे माझ्याखेरीज कदाचित कोणीच टिपले नसते, तेवढेच गळून पडले होते. आणि जे मी बातम्यांत ऐकले होते आणि इतर शंभर जण लिहीत होते ते सगळे तिच्यात होते. माझा अपराध दूरच्या माणसाविषयी लिहिण्याचा नव्हता. तो चार हातांवर उभा असताना मी त्याच्याकडे पाहिले आणि लिहिताना त्याला बाजूला सारले, हा होता. ती कविता मी फाडली आणि नंतर फक्त पंख्यावर आठ ओळी लिहिल्या. त्या बऱ्या आहेत की नाहीत हे वाचणारे ठरवतील, पण त्या खोट्या साक्षीत मोडत नाहीत असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकतो. तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांना माझे उत्तर असे आहे की, ठाण्यातल्या कवीने मराठवाड्याच्या पुरावर न पाहता लिहू नये, हे तुमचे म्हणणे मला मान्य. परंतु त्याने लिहूच नये, हे त्यातून निघत नाही. त्याने आपल्या डोळ्यांसमोरचे लिहावे. कळव्याच्या खाडीपुलावर, वागळे इस्टेटच्या बंद शेडसमोर, सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या, बहुधा त्याच मराठवाड्यातून आलेल्या माणसांच्या घोळक्यात पंचनामा करण्याजोगे थोडे आहे का?

म्हणूनच दुसऱ्या पक्षाची सक्ती मला पहिल्या पक्षाच्या बंदीइतकीच घातक वाटते. पाणी ओसरायच्या आत आमच्या मंडळाच्या समूहावर पुराच्या कवितांचा ढीग झाला. त्यांतल्या बहुतेकींत बळीराजा होता, पोशिंदा होता, आणि ‘आभाळ फाटले’ होते. बळीराजा या शब्दाचे काय झाले पाहा. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीची कथा उलटी वाचली, पाताळात दडपलेला राजा हाच आपला राजा असे म्हटले, तेव्हा त्या शब्दाला धार होती आणि तो उच्चारायला धाडस लागत होते. त्याच फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये शेतकऱ्याच्या घरातली भांडी, अंगावरची वस्त्रे आणि ताटातले अन्न इतक्या बारकाईने नोंदवले की तो आजही पंचनाम्याचा नमुना ठरावा. आज तोच शब्द ठाण्यातल्या प्रत्येक चौकातल्या फलकावर हात जोडलेल्या चेहऱ्यांखाली छापलेला असतो. आपत्ती आली की भाषा अशी बोथट होते, कारण सगळ्यांना एकाच वेळी, एकाच विषयावर, घाईने बोलायचे असते. कवीने त्या घाईत भर घालायची की निदान आपल्या वाट्याचे चार शब्द परजून ठेवायचे?

विषयाची सक्ती केली की कवितेचा आवाका वाढतो असे मानणाऱ्यांनी शाहिरांकडे पाहावे. अण्णा भाऊ साठे यांच्याइतका लढ्यात उभा राहिलेला कवी दुसरा दाखवता येणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात गाजलेली त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचे गाणे, सुरू कशी होते? गावाकडे राहिलेल्या मैनेच्या आठवणीने. मुंबईत पोटासाठी आलेल्या गड्याचा विरह, तिचा निरोप, दागिन्यांचे दिलेले वचन, यांवर ती बराच वेळ रेंगाळते, आणि मग बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तुटलेल्या महाराष्ट्राची गत त्या विरहाशी जाऊन मिळते. आजच्या आमच्या नियमाने तो शाहीर पहिल्या कडव्यालाच ‘विषयाला धरून नाही’ म्हणून खाली बसवला गेला असता. आमच्या मंडळात एक तरुण कवयित्री आहे, तिने या वर्षी आपल्या नवजात मुलीच्या कानाच्या पाळीवर एक सुंदर कविता लिहिली आहे आणि ती वाचायचा तिला आता संकोच वाटतो. तो संकोच आपण निर्माण केला. पुराच्या वर्षी जन्मलेल्या मुलीचा कान हा त्या वर्षाच्या नोंदीत बसत नाही, असे ठरवणारे आपण कोण?

रद्द करणाऱ्यांना मला एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगायची आहे. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, माणसे तुरुंगात होती. काळ कठीण आहे, साहित्याचा उत्सव कसला करता, असे म्हणून ते संमेलन रद्द करणे तेव्हाही सोपे आणि सभ्य दिसले असते. ते भरले म्हणूनच दुर्गाबाईंना जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी भरसभेत प्रार्थना करता आली, आणि पुढे त्याची किंमत म्हणून अटकही सोसता आली. मांडव असतो म्हणून कोणीतरी त्यात उभे राहून बोलू शकते. मांडवच काढून टाकला की मौन आपोआप पसरते, आणि ते कोणाच्या सोयीचे असते हे कठीण काळातून गेलेल्या कोणत्याही समाजाला सांगावे लागत नाही.

मानधनाविषयी दोन शब्द. करोनाकाळात महाराष्ट्रातली नाट्यगृहे बंद झाली, नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनांवर उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. त्या मधल्या काळात पडदा ओढणाऱ्याच्या, दिवे लावणाऱ्याच्या आणि ध्वनिक्षेपक वाहून आणणाऱ्याच्या घरात काय चालले होते ते गडकरी रंगायतनच्या मागच्या दाराशी उभे राहणाऱ्यांना माहीत आहे. कार्यक्रम रद्द करून आपण जी रक्कम पुण्यकर्मात जमा करणार आहोत ती बरीचशी अशाच एका ध्वनिक्षेपकवाल्याच्या आणि एका तबलजीच्या खिशातली आहे. दान द्यायचे तर ते आपल्या खिशातले असावे.

तरीही रद्द करा म्हणणाऱ्यांच्या मनात जी खंत आहे तिच्या मुळाशी एक सत्य आहे आणि त्याची जबाबदारी आम्हा कवींवर येते. कविसंमेलन लोकांना उत्सव वाटते, कारण आम्ही त्याचा उत्सव केला आहे. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रायोजकांचे फलक, मान्यवरांची मनोगते, आणि मग रात्री साडेनऊला, अर्धे प्रेक्षक लोकल पकडायला निघून गेल्यावर, शेवटच्या कवीला “दोन मिनिटांत आटपा” अशी चिठ्ठी. पुराच्या वर्षी असा सोहळा बघून कोणाला चीड आली तर ती योग्यच आहे. ती चीड कवितेवर न काढता शालींवर काढावी, एवढीच माझी विनंती आहे.

येत्या रविवारी मंडळाच्या बैठकीत मी पुढील प्रस्ताव मांडणार आहे. सत्कार, हार, मनोगते पूर्ण वगळावीत. दाराशी मदतीची पेटी ठेवावी आणि तिच्यातली रक्कम मंचावरून जाहीर करू नये. कोणी काय वाचावे हे कोणी सांगू नये. आणि आपल्या सहा कवींपैकी तिघांनी आपली जागा धाराशिव, बीड आणि सोलापूर भागातून येणाऱ्या तिघांना द्यावी, ज्यांनी पाणी घरात शिरताना पाहिले आहे. त्यांनी पुरावर वाचावे की आणखी कशावर, ते त्यांनीच ठरवावे. त्यांच्या येण्याजाण्याचे तिकीट मंडळाने काढावे आणि मानधन येण्याआधी पोहोचवावे, कारण या दिवसांत त्यांना ते आधी लागणार आहे. माझी जागा मी आजच रिकामी करतो. रात्रीच्या कार्यक्रमानंतर लगेच परतीची गाडी मिळतेच असे नाही, तेव्हा दोघांची झोपायची सोय आमच्या घरी होईल. तिसऱ्या पाहुण्यासाठी स्टेशनजवळ राहणाऱ्या कोणी तरी एक खोली सांगून ठेवावी.